महापालिकेच्या बजेटमध्ये शिक्षक कुठे शोधायचे

मालमत्ता कराचं सहामाही बिल आलं की आपण सगळे खालचा टोटल बघतो, मुदतीत भरलं तर सूट किती ते बघतो आणि पेमेंट करून मोकळे होतो. त्या बिलात राज्य शिक्षण कर म्हणून एक ओळ असते. आमच्या नवी मुंबईतल्या सोसायटीत बऱ्याच जणांना वाटतं की हा पैसा समोरच्या महापालिका शाळेला जातो, पण तसं नाहीये. हा कर १९६२ च्या कायद्याने राज्य सरकार लावतं, महापालिका फक्त वसूल करून सरकारला भरते. महापालिकेच्या शाळा चालतात त्या आपला सामान्य कर, जीएसटीच्या बदल्यात येणारं अनुदान असल्या उत्पन्नातून, वर राज्याकडून शिक्षकांच्या पगारासाठी काही अनुदान आणि समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शाळांसाठीच्या योजनेचे पैसे. म्हणजे दोन्ही खिशातून पैसा आपलाच, तर मग तो कुठे जातो हे विचारायचा हक्कही आपलाच ना.

माझी मुलं प्रायव्हेट शाळेत शिकली, हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो की तुला काय पडलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी आठवीत आहे, महापालिकेच्या शाळेत. दिवाळी होऊन गेली तरी तिच्या वर्गाला गणिताला शिक्षक नव्हते, दुसऱ्या विषयाच्या बाई येऊन उदाहरणं फळ्यावर लिहून द्यायच्या. शाळेची इमारत मात्र बघण्यासारखी आहे, चार मजली, डिजिटल बोर्ड, रंगवलेल्या भिंती. एवढं सगळं आहे आणि शिक्षक नाही हे कसं होतं तेच मला समजून घ्यायचं होतं, म्हणून मी बजेटचं पुस्तक वाचायला घेतलं.

बजेटचं पुस्तक शाळेनुसार नसतं, हेडनुसार, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार असतं. त्यामुळे अमुक शाळेवर किती खर्च झाला हे त्यात सापडतच नाही. शिक्षण विभागाचे पगार एका ठिकाणी, इमारत बांधकाम आणि दुरुस्ती इंजिनिअरिंगच्या हेडखाली, सिक्युरिटी आणि साफसफाईची कंत्राटं आणखी कुठेतरी. शिक्षणावर एकूण किती गेले ही बेरीज आपली आपणच करायची, आणि ती केल्याशिवाय पेपरात येणाऱ्या ‘शिक्षणासाठी भरघोस तरतूद’ या हेडिंगला काहीही अर्थ नाही. शिवाय तरतूद वेगळी, सुधारित अंदाज वेगळा आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा, म्हणून मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना आधी बघा, नवीन घोषणा नंतर.

आता मूळ मुद्दा. वस्तू घ्यायला पैसे पटकन मंजूर होतात आणि माणूस नेमायला होत नाहीत. याला फक्त कोणाची नियत कारण नाही, नियमच तसे आहेत. महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे पगार पेन्शन वगैरे, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असं शासनाचं बंधन आहे. इमारत बांधली, टॅब घेतले, बेंच घेतले तर ते या ३५ टक्क्यांत धरत नाहीत, पण एक कायम शिक्षक घेतला की त्याचा पगार धरतात. नवीन पद तयार करायचं तर आकृतिबंधाला, म्हणजे कुठली पदं किती याच्या आराखड्याला, नगरविकास खात्याची मंजुरी लागते, ती फाईल मंत्रालयात. मग शाळा चालवायच्या कशा, तर ठोक मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे देऊन, शिक्षक घेऊन. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होते आणि ऑर्डर नंतर निघते, तोवर वर्गावर कोण जातं हे पालकांना विचारा. आणि जे मानधनावर आहेत ते दुसरीकडे कायम नोकरी लागली की वर्षाच्या मधेच जातात, त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही, घर त्यांनाही चालवायचं असतं.

कायदा काय म्हणतो तेही बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी एक तरी पाहिजे. कलम २६ सांगतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ऐकायला बरं वाटतं, पण टक्केवारी मंजूर पदांवर काढायची आहे, त्यामुळे पदच मंजूर नसेल तर जागा रिकामी आहे असं कागदावर येतच नाही! वर्गात शिक्षक नाही आणि रिपोर्टमध्ये रिक्त पदं शून्य, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मंजूर पदं ठरतात संचमान्यतेत, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे सरकार दरवर्षी ठरवतं त्यात, तीही ३० सप्टेंबरच्या पटावरून, आणि गेली काही वर्षं त्यात आधार जुळलेलीच मुलं धरतात. आपल्या भागात याचा फटका कोणाला बसतो बघा. दिघा, तुर्भे स्टोअर्स, खदानीच्या बाजूच्या वस्त्या, इथे नाका कामगारांची मुलं येतात, बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गावाकडून येतात, कोणाच्या आधारवर जन्मतारीख वेगळी, कोणाचं स्पेलिंग वेगळं. ती मुलं बेंचवर बसलेली असतात, पण शिक्षक मोजताना हिशोबातच नसतात. ज्या शाळेला शिक्षकांची गरज सगळ्यात जास्त तिथेच मंजुरी कमी निघते, याचा मला खरंच राग येतो, कारण आधार दुरुस्तीचा कॅम्प शाळेतच ऑगस्टमध्ये लावायला असा किती खर्च येणार आहे.

जे शिक्षक आहेत तेही वर्गात असतीलच असं नाही. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. पण बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळायचं, काम वर्षभर चालू असतं. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय की मतदार यादीचं काम सुट्टीच्या आणि शाळा नसलेल्या वेळात घ्या. ज्या शाळेत आधीच दोन शिक्षक कमी आहेत तिथून बीएलओ नेमू नका, एवढं तरी ठरवता येईल.

खर्चाची आणखी एक बाजू म्हणजे शाळेच्या हातातला पैसा. समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, २५० ते १००० मुलांच्या शाळेला वर्षाला ७५ हजार. त्यात खडू, किरकोळ दुरुस्ती, साफसफाई, प्रयोगाचं सामान. ८०० मुलं असतील तर एका मुलामागे शंभर रुपयेसुद्धा नाहीत. हा खर्च शाळा व्यवस्थापन समितीसमोर येतो, तिथे ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. वरून एकत्र खरेदी केली की काय होतं ते गणवेशात दिसलंच, २०२४-२५ ला राज्याने ‘एक राज्य एक गणवेश’ केलं, मुलांना कपडे उशिरा मिळाले, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत समित्यांकडे द्यावं लागलं. मला वाटतं जे काम मुलाच्या अंगावर आणि वर्गात दिसतं ते शाळेजवळ ठेवावं, मुख्यालयात बेलापूरला बसून माप घेता येत नाही.

कोणी म्हणेल सगळा पैसा पगारावर घातला तर गळक्या छपराखाली शिकवायचं का. नाही, इमारत पाहिजेच, शौचालय तर पाहिजेच, मुली त्याच्यामुळे शाळा सोडतात. माझं म्हणणं एवढंच की नवीन शाळेच्या इमारतीचं टेंडर काढताना त्याच प्रस्तावात पदं किती, मंजुरी कुठपर्यंत आली, आणि मंजुरी येईपर्यंत मानधनाचे पैसे कुठल्या हेडमधून, हे लिहिलेलं असावं. ते नसेल तर स्थायी समितीने प्रस्ताव परत पाठवावा. नगरसेवक नव्हते तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं, नवी मुंबईत मे २०२० ला मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होता.

तुम्हाला तुमच्या जवळच्या शाळेचं बघायचं असेल तर यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी साईटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड असतं, पट आणि शिक्षकसंख्या दोन्ही दिसतात, ११ आकडी कोड आपल्याकडे २७ ने सुरू होतो. पण त्यातून गणिताला कोण आहे ते कळत नाही, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘शिक्षकांबाबत सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. शाळेचं नाव, इयत्ता, विषय, मंजूर पद, प्रत्यक्ष काम करणारा शिक्षक कायम की मानधनावर, असे रकाने स्वतःच आखून द्या आणि तारखा दोन टाका, ३० सप्टेंबर आणि ३१ जानेवारी. दिवाळीनंतर किती मुलं वाढली आणि किती शिक्षक कमी झाले ते या दोन तारखांमध्येच दिसतं, आणि संचमान्यतेच्या कागदावर फक्त पहिली तारीख असते.