रॅमवरचा स्टिकर

पितृपक्षात आमच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या टेबलावर गर्दी होते. नवा लॅपटॉप घ्यायचं घरात ठरलेलं असतं, पण घटस्थापनेआधी खरेदी नको म्हणून लोक जुनाच घेऊन येतात: "तेवढे दिवस चालवून द्या." २०२५ च्या १८ सप्टेंबरचा गुरुवार तसाच चालला होता. सात मशिनं उघडून ठेवलेली, त्यातली चार पाण्यानं नाहीतर चहानं गेलेली. आठवं दुपारी दोनच्या सुमारास आलं.

आणणारे गृहस्थ साठीचे. हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देतात, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत घरी फक्त झोपायला जातात. मशीन २०१० चं, तेरा इंची मॅकबुक प्रो. इतकं जुनं अजून कशाला वापरता, हे मी विचारलं नाही. कडेला फायरवायरचं पोर्ट दिसलं, जे नव्या लॅपटॉपांत येत नाही, आणि उत्तर कळलं. त्यांचा साउंडचा इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र, त्याच पोर्टावर चालतो आणि पंधरा वर्षांतल्या नाटकांचे क्यू, म्हणजे कुठल्या प्रसंगाला कुठला आवाज ती मांडणी, त्याच मशीनवर लावलेले. तालमीत कुणाचा तरी चहा सांडला, दोन दिवस चाललं, मग पडदा काळा.

"एकाकडे दाखवून आलोय. ग्राफिक गेलं म्हणाला, बोर्ड बदला. म्हटलं बोर्ड कशाला, ग्राफिक कार्ड तेवढं बदलू. जमलं तर आताचं, जरा चांगलं टाका."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. डेस्कटॉपमध्ये कार्ड खोबणीतून उपसून दुसरं बसवता येतं, त्यामुळे लोकांना लॅपटॉपही तसाच वाटतो. बहुतेक लॅपटॉपांमध्ये ग्राफिकची चिप खालून शेकडो बारीक सोल्डर-गोळ्यांनी बोर्डाला डकवलेली असते. आणि या मशीनमधली एनव्हिडियाची जीफोर्स ३२०एम ही नुसती ग्राफिकची चिपही नाही. मेमरीचा कारभार, यूएसबी, हार्डडिस्कची वाट, सगळं तिच्याच पोटात. ज्या लॅपटॉपांत दोन ग्राफिक असतात, तिथे एक मेलं तर दुसऱ्यावर कसंबसं चालवून देता येतं. इथे ती चिप गेली की लॅपटॉप गेला.

मागच्या झाकणाला दहा स्क्रू असतात, तीन लांब, सात आखूड. इथे आठच होते. आत पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. चिपच्या चारी बाजूंना करपलेला, तपकिरी फ्लक्स, म्हणजे सोल्डर करताना लावतात ते रसायन. आमच्या धंद्यात याला 'हीट मारणं' म्हणतात. हॉट एअरनं चिप भाजायची, नशिबानं चालली तर गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मेली की "चिपच खराब होती" म्हणायचं. याला रिपेअर म्हणत नाहीत. मायक्रोस्कोप असलेला माणूस हे करतो तेव्हा मला जास्त राग येतो, कारण त्याला न्याहाळून बघायची सोय होती.

त्यानं चिपला मेलेली का ठरवलं असेल, हेही मला दिसलं. ग्राफिक किंवा प्रोसेसरच्या कोअर व्होल्टेजच्या, म्हणजे चिपच्या गाभ्याला वीज देणाऱ्या लाइनवर मल्टिमीटर बीपला लावून ग्राउंडशी तपासलं की तो वाजतोच. चिप धडधाकट असली तरी तिथे दोन-चार ओहम, कधी त्याहून कमी दिसतात. एवढ्या मोठ्या चिपचं ते साहजिक रीडिंग आहे. नवखा बीप ऐकतो आणि 'शॉर्ट' लिहून मोकळा होतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात हे सांगतो: चांगला बोर्ड शेजारी ठेव, तिथलं रीडिंग घे, मग बोल.

माझ्याकडे याच मॉडेलचा, ८२०-२८७९ नंबरचा डोनर बोर्ड होता, सुटे भाग काढायला ठेवलेला. दोन्ही शेजारी ठेवले. कोअर लाइनचं रीडिंग जवळजवळ सारखं. म्हणजे चिप शॉर्ट नव्हती. चार्जर लावला, १२.६ व्होल्टची मुख्य लाइन हजर, बाकीच्या लाइनही एकामागून एक उठल्या, फॅन फिरला. फक्त त्या चिपची कोअर लाइन शून्यावर. चिपला वीजच पोचत नव्हती आणि मेली म्हणून तिला भाजून काढलं होतं.

वीज का पोचत नाही, हे शोधायला पाऊण तास लागला. कोअर व्होल्टेज तयार करणाऱ्या रेग्युलेटरला 'चालू हो' असा इशारा ज्या लाइननं जातो, तिच्यावर मोहरीच्या दाण्याहून लहान एक रेझिस्टर आहे. वरून ठीक दिसत होता. अल्कोहोलनं घासला, तेव्हा एका टोकाला हिरवट बुरशीसारखं आलेलं दिसलं. दुधाचा, साखरेचा चहा. टोक सुटलेलं. डोनरवरचा रेझिस्टर काढून लावायचा, खर्च म्हणाल तर काहीच नाही. पण तो लावण्याआधी मी रॅम काढायला गेलो आणि हात थांबला.

रॅमच्या पट्टीवर पांढरा वॉरंटी स्टिकर होता. बॉलपेननं '०७/१०' लिहिलेलं. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ. अक्षर माझं होतं.

२०१० मध्ये मी डिप्लोमा करत एका दुकानात कामाला होतो. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. हे मशीन तिथून गेलं होतं, घेतानाच आठ जीबी रॅम करून. आणि एकदम ते भांडणही आठवलं. दिवाळीनंतर हेच गृहस्थ दुकानात आले होते, काउंटरवर लॅपटॉप आपटत म्हणाले होते, "शेठ, तुम्ही जुना माल माझ्या गळ्यात मारलात." त्यांच्या मित्रानं त्याच उन्हाळ्यात पंधरा इंची घेतला होता, त्यात कोअर आय५. यांच्यात कोअर टू ड्युओ, म्हणजे आधीच्या पिढीचा प्रोसेसर. एकाच वर्षीचं, एकाच कंपनीचं मशीन, मग हे कसं? शेठ परोपरीनं सांगत होते की खोकं सीलबंद होतं, कंपनीकडूनच असं येतं. ते खोटं नव्हतं. पण कंपनीकडून असं का येतं, हे शेठना माहीत नव्हतं आणि खोकं उघडून देणाऱ्या मलाही नव्हतं. मी मागे स्टूलवर गप्प बसून होतो. दोघांची वीस वर्षांची ओळख त्या दुपारी तुटली.

गृहस्थ बाकावर बसून होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मीच विषय काढला, "हा तुम्ही घेतला कुठून?" त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाले, "मागच्या वर्षीचा माल दिला हो त्यानं मला. ओळखीच्या माणसाला."

मग मी बोर्ड उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. या दोन मोठ्या चिपा बघा, म्हटलं. एक इंटेलचा प्रोसेसर, दुसरी एनव्हिडियाची. पूर्वी मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या बाहेर, चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये असायचा. इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवायचा परवाना एनव्हिडियानं २००४ च्या करारानं घेतला होता. त्यातून २००८ मध्ये ९४००एम आली, चिपसेट आणि ग्राफिक एकाच चिपमध्ये. तेव्हाचं इंटेलचं स्वतःचं ग्राफिक इतकं अशक्त होतं की या चिपमुळे लहान लॅपटॉपवरही बरे खेळ चालायला लागले. मग इंटेलनं नव्या प्रोसेसरांत मेमरीचा कारभार आत ओढून घेतला आणि म्हटलं, तुमचा परवाना या नव्या प्रोसेसरांना लागू नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये इंटेलनं अमेरिकेत डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला, पुढच्याच महिन्यात एनव्हिडियानं उलट दावा लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियानं नव्या चिपसेटचं काम थांबवलं.

आता २०१० चा तेरा इंची बनवणाऱ्याचं बघा. आय५ घ्यायचा तर त्याच्यासोबत इंटेलचाच चिपसेट आणि इंटेलचंच ग्राफिक येणार. ग्राफिक चांगलं हवं तर तिसरी चिप वेगळी बसवायची. पंधरा इंचीत तिला जागा होती, तिथे त्यांनी आय५, आय७ घातले आणि एनव्हिडियाची वेगळी चिप ठेवली. तेरा इंचीत डीव्हीडी ड्राइव्ह, बॅटरी आणि एवढासा बोर्ड. तिथे त्यांनी जुना कोअर टू ड्युओ ठेवला आणि त्याच्या जोडीला नवीन ३२०एम दिली, ९४००एमच्या १६ कोअरच्या जागी ४८ कोअरची. प्रोसेसर जुन्या पिढीचा, पण मशीन त्या वर्षीचंच, एप्रिल २०१० मध्ये आलेलं.

ते बराच वेळ बोर्डाकडे बघत होते. "म्हणजे ग्राफिक माझं चांगलं होतं?"

होतं. २०११ च्या तेरा इंचीत इंटेलचा नवा प्रोसेसर आला, पण ग्राफिक प्रोसेसरमधलंच, एचडी ३०००, आणि ते या ३२०एमशी जेमतेम बरोबरी करायचं. त्याच वर्षी जानेवारीत दोन्ही कंपन्यांचा समझोता झाला. इंटेलनं दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, पण नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट काही एनव्हिडियाकडून पुन्हा आले नाहीत. आमच्या दुकानात विकलेल्या नेटबुकांचंही, म्हणजे त्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपांचंही हेच झालं. अ‍ॅटम प्रोसेसरसोबत एनव्हिडियाचं आयन आलं तेव्हा ते चिपसेट होतं. पुढच्या अ‍ॅटममध्ये मेमरी आणि ग्राफिक आत गेलं आणि आयनला एका चिंचोळ्या पीसीआय एक्सप्रेस लेनवर वेगळी चिप होऊन राहावं लागलं. त्याआधी २००६ मध्ये एएमडीनं एटीआय विकत घेतली, तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरवर एटीआयचे चिपसेट मिळायचे तेही संपले. गिऱ्हाईक विचारतं, याच्यात ते का नाही, आणि काउंटरवरचा माणूस फक्त एवढंच सांगू शकतो की येतच नाही.

हे सगळं मला २०१३ मध्ये कळलं, चिप-लेव्हल शिकताना, बोर्डाचे नकाशे वाचायला लागलो तेव्हा. मी शेठना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "आता कुणाला सांगू?" मी त्या गृहस्थांचं नाव जुन्या बिलबुकात शोधून फोन करू शकलो असतो. केला नाही. का नाही केला, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तेव्हा ते भांडण मला मोठ्या माणसांचं वाटायचं.

रेझिस्टर लावला, चार्जर जोडला, बटण दाबलं. एक क्षण काही नाही, आणि मग तो सुरुवातीचा भरीव 'बोंग' आवाज. गृहस्थ बाकावरून उठलेच. भाजलेल्या चिपवर माझा विश्वास नव्हता, म्हणून म्हटलं, आता सोडत नाही, रात्रीपर्यंत चालवून बघतो. त्यांच्याच एका नाटकाचे क्यू लावून ठेवले. समुद्राचा आवाज, मग सनई, मग पुन्हा समुद्र.

मशीन चालू असतानाच संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली. एनव्हिडिया इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवणार, शेअरमागे २३.२८ डॉलरनं, आणि इंटेल असे पीसी-प्रोसेसर बनवणार ज्यांच्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक एकत्र बसवलेलं असेल. मी बातमी दोनदा वाचली. समोर टेबलावर त्याच दोन कंपन्यांच्या चिपा एका बोर्डावर शेजारी होत्या. दुरुस्तीवाला म्हणून पहिला विचार आला की पुन्हा सगळं एकाच पॅकेजात, म्हणजे एकाच बंद चिपमध्ये जाणार, ते गेलं की आम्ही सुटं काय बदलणार. २०१७ मध्ये इंटेलनं एएमडीचं रेडिऑन ग्राफिक आपल्या प्रोसेसरच्या पॅकेजात घेतलं होतं, तेही दोन वर्षांत बंद केलं. असल्या मशीनचा ड्रायव्हर कुणी द्यायचा, बोर्ड किती वर्षं मिळायचे, हे करार करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दुसरा विचार शेठचा आला.

शनिवारी गृहस्थ मशीन न्यायला आले. मी रॅमची पट्टी काढून स्टिकर दाखवला आणि सांगितलं, हे अक्षर माझं, त्या दिवशी मागे स्टूलवर बसलेला पोरगा मी. त्यांनी चष्मा वर करून स्टिकर वाचला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेठ आहेत ना?"

आहेत, म्हटलं. दुकान बंद करून मुलाकडे कराडला असतात. गुडघे दुखतात, बाकी बरे आहेत. त्यांनी नंबर मागितला, मी बिलाच्या मागे लिहून दिला. बिल घडी करून त्यांनी खिशात ठेवलं आणि मशीन छातीशी धरून पायऱ्या उतरले.

मग काही आठवडे गेले. दिवाळीला मी शेठना नेहमीसारखा फोन केला. गुडघ्यांचं बोललो, नातवाचं बोललो. तो फोन आला होता का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.