रोमन नाण्यावरची ती बाई कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डेनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं, हातात आलं की पुढच्या बाजूचा सम्राट लगेच कळतो. मग नाणं उलटलं की ठरलेला प्रश्न येतो: मागची बाई कोण, त्याची राणी का?

बहुतेक वेळा ती कुणी माणूस नसतेच. शांती, आशा, आरोग्य, नशीब यांना रोमनांनी स्त्रीरूप दिलं. चेहरे सगळ्यांचे सारखेच, तेव्हा हात बघा. ऑलिव्हची डहाळी असेल तर पॅक्स, शांती. सुकाणू असेल तर फॉर्च्युना. ताटलीतून सापाला भरवत असेल तर सालुस, आरोग्य. सगळ्यांत देखणी स्पेस, म्हणजे आशा: उजव्या चिमटीत फूल, डाव्या हातानं झग्याचा घोळ जरासा उचललेला, पाऊल पुढे पडतंय. जेमतेम १८ मिलिमीटरच्या चकतीवर घोळाच्या चुण्यासुद्धा मोजता येतात!

घोटाळा होतो तो तराजूपाशी. तराजू आणि फळांनी भरलेलं शिंग एक्विटासकडेही (न्याय्य व्यवहार) असतं आणि मोनेटाकडेही (टांकसाळीची देवी). तिथे निकाल कडेच्या अक्षरांवर. ती साधारणपणे खाली डावीकडून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. नाणी हातोड्यानं पाडलेली, त्यामुळे ठसा सरकला की निम्मी अक्षरं चकतीबाहेर जातात. दिवा बाजूनं, अगदी तिरपा धरा. झिजलेल्या अक्षरालाही सावली पडते. चिंच-लिंबानं घासू मात्र नका. जमिनीत राहिलेली जुनी चांदी आतून ठिसूळ होते, बोटांच्या दाबानंही तुकडा पडतो.

अक्षरं दरवेळी बाईचं नाव सांगतातच असं नाही. सम्राट तिबेरियसच्या (राज्यकाळ इ.स. १४ ते ३७) नाण्यावर ती डहाळी घेऊन बसलेली आहे आणि भोवती ‘पोंटिफ मॅक्सिम’. ते सम्राटाचं मुख्य पुरोहितपद. तिला त्याची आई लिव्हिया म्हणायची पद्धत आहे, पण नाण्यावर तसं कुठेच नाही, म्हणून मी म्हणत नाही.

हे नाणं ओळखता यायलाच हवं, कारण दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या आसपास, त्याचे साठे निघालेत. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोनं डेनारियसचं वजनही घटवलं आणि चांदीचा कसही. आपल्याकडे सापडलेली रोमन चांदी बहुतांश त्याआधीची. त्यात दोनच छाप पुन्हा पुन्हा दिसतात: तिबेरियसची ही बसलेली बाई, आणि त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टसचे ढाली-भाल्यांसह उभे दोन नातू.