शनीचा चौथरा आणि आमची आजी

२०१६च्या गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त चिडली ती आजी. जिथं पुरुषांना प्रवेश तिथं बाईला अडवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं होतं. मंदिरप्रवेशाचा कायदा तर १९५६चाच.

"मी लांबून हात जोडते. देव काय बहिरा आहे?" पुरीचं पीठ तिंबता तिंबता आजी म्हणाली. तिच्या श्रद्धेपुढे मला उत्तर सुचेना, हे खरं. पण लांब राहणं तिनं निवडलं होतं, की तिला सांगितलं गेलं होतं? तेच विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही गं."

चौथऱ्यावर चढणार नाही, हे ती आजही ठामपणे सांगते. मी मात्र चढणार, आणि तेही तिला सांगूनच.