फिनिक्समधलं घर आणि बोगस जहागीरदार

आम्ही फिनिक्सजवळ घर घेतलं. कर्ज मंजूर झालं, सह्यांचा दिवस ठरला आणि खर्चाच्या यादीत एक ओळ दिसली: टायटल इन्शुरन्स. जो माणूस घर विकतोय, घर खरंच त्याचंच आहे ना, याचा विमा! त्यातही भरपाई मिळणार बँकेला, हप्ता मात्र आमच्या खिशातून. मी जरा चिडूनच विचारलं, सगळं कॉम्प्युटरवर असताना ही भीती कसली? कागदपत्रं बघणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, अ‍ॅरिझोनात राहणार असाल तर रीव्हिसबद्दल वाचा.

वाचलं. आमच्या गावचे फेरफारबहाद्दर अगदीच किरकोळ वाटायला लागले.

जेम्स अ‍ॅडिसन रीव्हिस मूळचा मिसुरीचा. यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत असताना त्याला कळलं, की साहेबाची सही आपल्याला हुबेहूब जमते. आधी स्वतःच्या रजा मंजूर केल्या, मग पैसे घेऊन सोबत्यांच्या. पुढे सेंट लुइसमध्ये जमिनींची दलाली. आणि 1883 मध्ये टूसॉनच्या सरकारी कचेरीत गठ्ठाच्या गठ्ठा कागद घेऊन हजर: स्पेनच्या राजाने पेराल्टा नावाच्या सरदाराला इथली जहागीर दिली होती आणि ती आता माझी आहे. मेक्सिकोकडून हा मुलुख घेताना अमेरिकेने जुन्या सनदा मानण्याचा करार केला होता. नेमकी हीच फट त्याने हेरली.

जहागीर केवढी? सुमारे 48 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे पुणे, सोलापूर, सातारा आणि सांगली हे जिल्हे मिळून होतील जवळपास तेवढी. अख्खं फिनिक्स त्यात. रेल्वे कंपनीने निमूटपणे 50 हजार डॉलर मोजले, सिल्व्हर किंग खाणीने 25 हजार. साध्या शेतकऱ्यांना स्वतःच्याच जमिनीसाठी त्याच्याकडून हक्कसोडपत्र विकत घ्यावं लागत होतं.

मला सगळ्यात थक्क केलं ते वारसाच्या प्रकरणाने. कागद लंगडे पडतायत म्हटल्यावर या पठ्ठ्याने एक पोरकी मुलगी शोधली, तूच पेराल्टांची शेवटची वारस असं तिला पटवलं, चर्चच्या जुन्या वह्यांत तिच्या घराण्याच्या नोंदी घुसवल्या आणि तिच्याशी लग्नच केलं. मग दोघं स्पेनमध्ये सरदारी थाटात राहिली.

पितळ उघडं पाडलं रॉयल जॉन्सन नावाच्या सर्व्हेअर जनरलने, म्हणजे सरकारी जमीन-मोजणीच्या मुख्य अधिकाऱ्याने. 1889 च्या त्याच्या अहवालात होतं, की अठराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या या कागदांवर पिसाऐवजी पोलादी टाकाने लिहिलंय आणि स्पॅनिश चुकांनी भरलेलं आहे. यावर रीव्हिसने काय करावं? सरकारवरच एक कोटी दहा लाख डॉलरचा दावा! शेवटी 1895 मध्ये सांता फे इथल्या कोर्टाने सनद बनावट ठरवली, त्याला लगेच अटक झाली आणि पुढच्या वर्षी शिक्षा: दोन वर्षं कैद, पाच हजार डॉलर दंड.

बारा वर्षांत निकाल! आमच्या बांधाच्या वादात तेवढ्यात नुसत्या तारखा पडल्या. पण म्हणून लगेच इथल्यांच्या आरत्या ओवाळायला नकोत. हा विमा काही रीव्हिसमुळे आलेला नाही, असली पहिली कंपनी 1876 मध्येच फिलाडेल्फियात निघाली होती. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत आजही कागद फक्त नोंदवून घेतात, मालक खरा की खोटा याची हमी देत नाहीत. म्हणजे आपल्यासारखंच की! उलट आपला सातबारा आता कोणीही घरबसल्या फुकट बघू शकतो. त्यावर नाव कोणाचं आणि जमीन कसतंय कोण, हा भाग वेगळा.

हे लिहिता लिहिता दादाचा पुन्हा मेसेज आलाय. गावच्या जमिनीचं माझं हक्कसोडपत्र हवंय, वकिलातीत जाऊन सही करून पाठव म्हणतो. "तुला तिकडे एवढं घर आहे, इथल्या दीड एकराचं काय करणार?" मला त्यातलं काही नको, आईलाही तसं सांगितलंय. पण मी विम्याचे पैसे भरताना ज्या दादाने "सगळे कागद नीट वाच" असं मला बजावलं, त्याने आता नुसतं सहीचं पान पाठवलंय. मी त्याला कळवलंय, मसुदा पूर्ण पाठव, गट नंबर आणि चतुःसीमेसकट.