ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण: एक दिवस, हजार बाथ

बँकॉकची ही तीन ठिकाणं, एक राजवाडा आणि दोन देवळं ('वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ), नदीकाठाने एका दिवसात होतात. मला तिकिटं आणि बोटी मिळून १,०२६ बाथ लागले; टूर घेतली नाही, टॅक्सीही केली नाही. क्रम मात्र हाच ठेवा. पॅलेस साडेआठला उघडतो, तिकीटविक्री साडेतीनला थांबते आणि उन्हं वर आली की आवारात सावली सापडत नाही.

बीटीएसने, म्हणजे उन्नत रेल्वेने, सफान ताक्सिनला उतरलं की खालीच साथोन धक्का आहे. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची आणि महाग. रोजची माणसं जातात ती नारिंगी झेंड्याची, १६ बाथ. बोट जवळ आली की झेंड्याचा रंग बघायचा, सुटे पैसे हातात ठेवायचे. भिक्खूंसाठी बोटीत राखीव जागा असते, ती मोकळी सोडा. उतरायचं 'था चांग' या धक्क्यावर.

फसगत होते ती पॅलेसच्या भिंतीलगत. नीटनेटक्या कपड्यांतला माणूस अदबीने सांगतो, "आज बंद आहे, दुसरी देवळं दाखवतो," आणि टुकटुक थेट रत्नांच्या दुकानाशी नेते. लोक फसतात, कारण त्या बाजूचे दरवाजे खरोखरच बंद दिसतात. पर्यटकांचा दरवाजा उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. तिथवर चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

कपडे दारातच तपासतात: खांदे झाकणाऱ्या बाह्या, घोट्यापर्यंत सलवार किंवा पँट. बिनबाह्यांवर ओढणी घेतलेली चालत नाही. सैल सुती पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा.

५०० बाथ जास्त वाटतील, पण आवारातलं वाट फ्रा काएव हे देऊळ त्याच तिकिटात आहे. तिथली, पाचूची म्हणतात ती हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा, ऋतूप्रमाणे, राजाच्या हस्ते बदलतात. आत फोटो काढायचा नाही. बाहेरच्या ओवऱ्यांतल्या भिंतींवर मात्र रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. सुरुवात उत्तरेच्या दारापासून होते: नांगराच्या तासात जनकाला सीता सापडते. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत जा. पांढरा हनुमान लगेच ओळखू येतो. बहुतेक गट इथून भराभर पुढे जातात. आपण किमान तासभर द्यावा.

दक्षिणेला चालत गेलं की वाट फो, ३०० बाथ. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, ती बघितल्याशिवाय निघू नका. पाठीमागे ओळीने कटोरे आहेत. २० बाथची सुटी नाणी घेऊन प्रत्येकात एकेक टाकायचं.

उंबऱ्यावर पाय न देणं, चपला काढणं हे आपल्या अंगवळणी आहे. चूक होते ती आपल्याच चांगल्या सवयींमुळे. भिक्खू दिसला की बायका पाया पडायला वाकतात. तिथे स्त्रीने भिक्खूला स्पर्श करायचाच नाही, वस्तूही थेट त्याच्या हातात द्यायची नाही. दोन्ही हात जोडले की पुरे. लहान मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवू नका, डोकं तिथे पवित्र मानतात. मूर्तीसमोर मांडी घालण्यापेक्षा दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून बसा, म्हणजे तळवे मूर्तीकडे होत नाहीत. आणि राजाबद्दल गमतीतही बोलू नका: तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची कैद आहे. नोटेवर, नाण्यावर राजाची छबी असते. खाली पडली तर पायाने अडवायची नाही.

जेवणात शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला 'जे' (थाई अक्षरांत เจ) हा शब्द शोधावा. त्यात मांस, मासे, अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे जैन मंडळींचीही बरीचशी सोय, कंदमुळं मात्र असू शकतात. नुसतं 'भाजी घाला' म्हटलं तर माशाचा सॉस पडतोच, कारण तो त्यांच्या लेखी मीठ आहे. "माय साय नाम प्ला" (माशाचा सॉस घालू नका) पाठच करून जा.

था तियन धक्क्याहून ५ बाथच्या तरीने पलीकडे वाट अरुण, तिकीट २०० बाथ. प्रांगावर, म्हणजे देवळाच्या उंच मनोऱ्यावर, चिनीमातीच्या तुकड्यांची फुलं जडवलेली आहेत, ती हाताच्या अंतरावरून बघायची. पैसे कमी पडत असतील तर हेच तिकीट सोडा. अलीकडच्या काठावरून पूर्ण मंदिर फुकट दिसतं.

परतताना पुन्हा त्याच तरीने अलीकडे, मग सनाम चाय मेट्रो. बरोबर सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागलं तर सगळे जागच्या जागी थांबतात. आपणही थांबायचं, बॅग खाली न ठेवता, फोन न काढता.