बेळगावात स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी : वर्गाचे नियम आणि माझा अनुभव

पीयूनंतर, म्हणजे अकरावी-बारावी झाल्यावर, बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेणारी आमच्या भागातली बरीच मुलं मराठी माध्यमातून दहावी झालेली असतात. त्यांना धास्ती असते इंग्रजीची. इंग्रजी दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. मार्क जातात ते वर्गाच्या नियमांपायी. पहिल्या आठवड्यात सर एकदा नियम सांगतात, मग थेट परीक्षेच्या तोंडावर त्यांची आठवण होते. या कोर्समधून जाताना मला जे उपयोगी पडलं, ते नवीन येणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

आधी हजेरी. प्रत्येक पेपरला ७५ टक्के लागते. आठवड्याला ४ तास आणि १४ आठवडे धरले तर ५६ तास होतात, त्यातले ४२ भरायला हवेत. १४ तास हाताशी आहेत असं वाटतं, पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून बसने येणाऱ्यांचे त्यातले बरेचसे पावसाळ्यातच जातात. पुढे भाताची सुगी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई असतेच. हिशोब असा, की एक तास बुडाला तर तो भरून काढायला तीन तास बसावं लागतं. ३० पैकी १८ तासांना हजर असलेल्याची हजेरी ६० टक्के. ती ७५ वर आणायची तर पुढचे १८ तास एकही न चुकवता बसायला हवं. सेमिस्टरच्या शेवटी तेवढे तास उरलेलेच नसतात, म्हणून दर महिन्याला स्वतःची हजेरी मोजावी. आजारी पडलात तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट बरे होऊन आल्या-आल्या द्यावं. दोन महिन्यांनी दिलेल्या कागदाला फारसं वजन राहत नाही. प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी धरतात हेही लक्षात ठेवा.

प्रॅक्टिकलचं खरं काम जर्नलमध्ये असतं. तारीख, उद्देश, दिलेली माहिती, सूत्र, आकडेमोड, निष्कर्ष हा क्रम मोडायचा नाही. कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं म्हणून आकडेमोडीचा तक्ता गाळला तर सही मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण चूक कुठल्या ओळीत झाली हे त्या तक्त्यावरूनच कळतं. आलेखावर दोन्ही अक्षांचं प्रमाण लिहायचं. वर्ग १०–१९, २०–२९ असे दिले असतील तर हिस्टोग्राम (खांबांचा आलेख) काढण्याआधी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे करून घ्यायचे. तसं केलं नाही तर खांबांमध्ये फटी राहतात आणि तिथेच मार्क कापले जातात. दर आठवड्याचं काम पुढच्या प्रॅक्टिकलला दाखवून सही घ्या. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या एकदम मागायला गेलं की कुणीही सर चिडणारच.

कॅल्क्युलेटर स्वतःचा हवा. परीक्षेत शेजाऱ्याचा मागता येत नाही, मोबाइल तर बाहेरच ठेवावा लागतो. आमच्याकडे बहुतेकांजवळ कॅसिओचा एफएक्स-८२ एमएस असतो. त्यात मोड दाबून २ दाबलं की एसडी, म्हणजे प्रमाण विचलनाचा मोड, लागतो, मग एकेक आकडा घालून एम प्लस दाबत जायचं. त्याआधी शिफ्ट, मोड, १ आणि बरोबर या कळा दाबून जुने आकडे पुसणं फार गरजेचं आहे. ते राहिलं तर मागच्या गणिताचे आकडे नव्यात मिसळतात आणि उत्तर दिसायला मात्र अगदी खरं वाटतं. सगळे आकडे घालून झाले की पडद्यावर एन (घातलेल्या आकड्यांची संख्या) किती दाखवतो ते बघायची सवय लावावी. शिफ्ट आणि २ दाबल्यावर दोन प्रमाण विचलनं मिळतात, एक एनने भागलेलं आणि दुसरं एन वजा १ ने. ४, ७, ८, ९, १२ या पाच आकड्यांसाठी पहिलं २.६१ येतं, दुसरं २.९२. नमुन्यावरून समष्टीचा, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाचा, अंदाज करायचा असेल तर दुसरं घ्यायचं.

सगळ्यात जास्त मार्क खाणारी गोष्ट म्हणजे मधल्या पायरीतलं राउंडिंग. आमच्या वर्गाचा नियम होता की मधे किमान चार दशांश स्थळं ठेवायची आणि शेवटच्या उत्तरात दोन. हा नियम कशासाठी, ते एका छोट्या गणितात दिसतं. तीन मुलांची उंची १५१, १५२ आणि १५४ सेंटिमीटर आहे. या उंचींच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज ६९६२१, तिला ३ ने भागून २३२०७. यातून सरासरीचा वर्ग वजा केला की व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) मिळतो. खरं उत्तर १.५६. सरासरी १५२.३३ घेतली तर उत्तर २.५७ येतं, आणि १५२.३ घेतली तर चक्क ११.७१. सूत्र बरोबर, बेरीज बरोबर, तरी उत्तर सातपटीहून जास्त. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असली की सरासरीतला बारीकसा फरक सगळं उत्तर गिळून टाकतो. अशा वेळी सगळ्या आकड्यांतून आधी १५० वजा करून १, २, ४ वर काम करावं. व्हेरिअन्स तोच राहतो आणि चुकीला जागा कमी मिळते.

स्टॅटिस्टिक्सची छापील टेबलं वापरताना पहिल्यांदा वरचं छोटं चित्र बघा. नॉर्मलच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) काही टेबलांत शून्यापासून झेडपर्यंतचं (झेड म्हणजे सरासरीपासूनचं अंतर, प्रमाण विचलनाच्या पटीत) क्षेत्रफळ असतं, तिथे १.९६ ला ०.४७५० सापडेल. काहींत डाव्या टोकापासूनचं असतं, तिथे ०.९७५०. टेबलवर पेन्सिलीने काही खरडलेलं असेल तर परीक्षेत ते काढून घेतात. काय-स्क्वेअरला (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्या ताडून बघणारी चाचणी) एखाद्या वर्गाची अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली गेली तर शेजारचा वर्ग त्यात मिळवायचा, आणि डिग्री ऑफ फ्रीडमही (टेबलातली ओळ ज्यावरून ठरते तो आकडा) तेवढीच कमी करायची. हे दुसरं काम निम्मी मुलं विसरतात. निष्कर्षात ‘एच-नॉट (चाचणीत तपासायला धरलेलं ‘फरक नाही’ हे गृहीतक) सिद्ध झालं’ असं कधीही लिहू नये. ते नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं.

प्रोजेक्टसाठी माहिती स्वतः गोळा करायची अट असते आणि ती मनापासून पाळावी. घरी बसून रचलेले आकडे ओळखू येतात. आपल्या खेड्यांत वय विचारलं तर म्हातारी माणसं ६०, ६५, ७० असंच सांगतात. त्यामुळे खऱ्या माहितीत ० आणि ५ वर संपणारी वयं जास्त पडतात. जनगणनेत हेच तपासायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात : २३ ते ६२ वयोगटात ० किंवा ५ वर संपणारी वयं किती, हे त्या गटाच्या एकूण संख्येच्या एक पंचमांशाशी ताडून १०० ने गुणायचं. १०० आलं तर वयं नीट सांगितलेली आहेत, ५०० आलं तर सगळीच अंदाजाने. खेड्यातल्या वृद्धांच्या यादीत वयं अगदी समसमान विखुरलेली दिसली की सर लगेच विचारतात, कुठल्या गल्लीत गेला होतास?

विषय जवळचा घ्यावा. पावसाचा घेतलात तर कणकुंबी आणि अथणी एका सरासरीत घालू नका. एकीकडे घाटमाथ्याचा धो-धो पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. दोघांची मिळून निघालेली सरासरी ना इथली असते ना तिथली.

मित्रांशी चर्चा करायला कुणाची ना नसते. पण व्हॉट्सॲपवर आलेलं गणित उतरवून काढलं की पकडलं जातं, कारण चुकासुद्धा सारख्याच येतात. काही मॅडम रोल नंबरप्रमाणे आकडे बदलूनच देतात.

इंटरनलचे मार्क यूयूसीएमएसवर (विद्यापीठाच्या ऑनलाइन पोर्टलवर) चढवण्याआधी वर्गात दाखवतात तेव्हा हजर राहा. टेस्ट, असाइनमेंट, हजेरी अशी प्रत्येक बाबीची बेरीज स्वतः करून बघा आणि फरक दिसला तर त्याच दिवशी तपासलेला पेपर घेऊन सरांकडे जा. एकदा मार्क वर गेले की दुरुस्तीला अर्ज, प्राचार्यांची सही आणि विद्यापीठाची वाट बघणं आलं. म्हणून तपासून परत मिळालेली प्रत्येक टेस्ट निकाल लागेपर्यंत फाइलमध्ये जपून ठेवा.