मासळीवाल्या मावशींचा डबा

म्हापशाच्या बाजारात दुपारी मासळीवाल्या मावशींनी डबा उघडला. समोर पाटीत बांगडे, डब्यात मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची नारळातली भाजी) आणि भात. "श्रावणांतलो सोमार न्हय गे बाय?"

बरोबरची पुण्याची मैत्रीण हळूच म्हणाली, "म्हणजे सोयीपुरत्या शाकाहारी!"

दिवसभर ते टोचतंय. जिचं घर मासळीवर चालतं, ती दिवसभर मासळी हाताळून स्वतःच्या ताटात घेत नाही. यात सोय कुठली?

इथले कितीतरी ख्रिस्ती लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, शुक्रवारी मटण सोडतात, मासे चालतात. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे दिवस वर्षात १८०च्या वर; तेव्हा मांसच काय, दूध-लोणीही नाही. आणि सणाला मात्र कोंबडीचा झणझणीत रस्सा! जपानमध्ये ६७५ साली सम्राटाने शेतीच्या हंगामापुरती गाय, घोडा, कोंबडी खायला बंदी केली होती.

एकट्याने मांस-मासे कायमचं सोडणं फार अवघड, असं मला मनापासून वाटतं. घर, शेजार, अख्खा वाडा एकदम सोडतो तेव्हा ते जमतं. मावशींच्या घरी त्या दिवशी कुणीच मासे मागत नाही.

तुमच्याकडे कुणी कायमचं सोडलंय का? कशामुळे? आणि घरच्यांनी साथ दिली?